कातडीखालचे दोरे

आमचे हे माणसं बनवतात. अख्खी नव्हे, तुकड्यातुकड्यानं. मेडिकल कॉलेजच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक लांबट वर्कशॉप आहे. तिथे हे बावीस वर्षं बसतात. दारावर 'प्रतिकृती विभाग' अशी पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. शिपायापासून डीनपर्यंत सगळे यांना 'कातडीवाले' म्हणतात. नर्सिंगच्या मुलींना सुई टोचायच्या सरावासाठी दंड लागतो, होऊ घातलेल्या डॉक्टरांना टाके घालायला पोटाची कातडी लागते, भाजलेला हात कसा दिसतो हे दाखवायला भाजलेला हात लागतो. ते सगळं हे रबर, जेली आणि रंग यांतून उभं करतात. माझ्या फ्रीजवर एक कान सहा वर्षं पडून होता. मीटर बघायला आलेला माणूस तो कान बघून जो पळाला, तो पुन्हा आला नाही.

नजर मात्र यांची भारी. आमची पहिली भेट झाली तेव्हा हे पंधरा मिनिटं माझ्याकडे टक लावून बसले होते. मी आपली मनातल्या मनात हुरळून गेले. मग तोंड उघडलं तर काय, "तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा जरा खाली आहे. कुणी सांगितलं होतं का?" अंगाची नुसती लाही लाही झाली. घरी येऊन आरशात पाहिलं, तर खरंच खाली होता. पंचवीस वर्षांत जे मला दिसलं नाही ते या माणसाला पंधरा मिनिटांत दिसलं, म्हणून मी हो म्हणाले. तेव्हा वाटलं होतं, असं निरखून बघणारा नवरा मिळाला. हे कानच निरखतात, हे नंतर कळलं.

आमची मुलगी एकुलती एक. सतरा वर्षांची. चार वर्षांची असल्यापासून पाण्यात, म्हणून हे तिला बेडकी म्हणतात. लांब पल्ल्याचं पोहते. गावाबाहेरच्या तळ्यात दर उन्हाळ्यात आठ किलोमीटरची शर्यत असते, तिच्यासाठी दोन वर्षं पहाटे उठत होती. पोहण्याचे तिचे सर माणूस वाईट नाहीत, पण त्यांच्या जिभेला हाड नाही. एका सकाळी ही शिडी चढून वर येत होती, तर मागून म्हणाले, "मांड्यांवर चरबी साठायला लागली की गं, खड्डे पडलेत बघ. जरा तोंड आवर." काठावरच्या चार पोरी हसल्या. झालं, त्या दिवसापासून आमच्या घराला ग्रहण लागलं.

आधी भात सुटला. मग दूध. मग ताटात अन्न घ्यायचं, चमच्यानं इकडून तिकडे सरकवायचं आणि "पोट भरलं" म्हणून उठायचं. डबा जसाच्या तसा परत. खोलीचं दार लावून आरशाकडे पाठ करायची आणि मान वळवून बघत राहायची, ते मला फटीतून दिसायचं. दोन महिन्यांत पोरीच्या खांद्यांची हाडं वर आली, गाल आत गेले. उकाड्यात स्वेटर घालून बसायची. पाण्यातून बाहेर आली की ओठ निळे. पूर्वी पाण्यावर आडवी पडली तर फळीसारखी तरंगायची, आता म्हणायची, "कंबर खाली जाते गं, ओढावं लागतं." वेळ सुधारायचं सोडून मागे पडायला लागली. आणि मांड्यांवरचे खड्डे? ते होते तिथेच. म्हणून ही आणखी कमी खायची.

मी काय केलं? आया करतात तेच. आधी लाडीगोडी, मग आरडाओरडा, मग रडणं. "खा मुकाट्यानं, नाहीतर बंद करते ते पोहणं!" म्हणून पाहिलं. तिनं शांतपणे माझ्याकडे बघितलं. "आई, तुला नाही कळायचं. मांड्या माझ्या आहेत."

मग एक दिवस कपाट आवरताना सॅनिटरी पॅडचं पाकीट हाताला लागलं. सील न तोडलेलं. मी ते चार महिन्यांपूर्वी आणलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. पोरीची पाळी चार महिने आली नव्हती, आणि मी तिच्या ताटातले घास मोजत बसले होते.

आता नेमकं याच दिवसांत यांचं वेगळंच त्रांगडं चालू होतं. कॉलेजात त्वचारोगाच्या नव्या मॅडम आल्या होत्या. बुटक्या, चष्मेवाल्या, तोंडावर बोलणाऱ्या. त्या वर्कशॉपमध्ये शिरल्या, कपाटातल्या मांड्या एकेक करून उचलून पाहिल्या आणि म्हणाल्या, "कातडीवाले, या बाहुल्यांच्या मांड्या आहेत. गुळगुळीत. माझा एक विद्यार्थी काल एका बाईची खरी मांडी बघून कागदावर 'सूज' लिहून आला. दुसऱ्यानं तिला वजन कमी करायला सांगितलं. त्या बाईचं वजन मुळात अठ्ठेचाळीस किलो! मला पंचेचाळिशीतल्या बाईची खरी मांडी करून द्या."

खरी मांडी करायची तर खऱ्या मांडीचा साचा हवा. आणि साचा कुणाचा घेणार? हे घरी आले, दोन वेळा पाणी प्यायले, तीन वेळा खाकरले. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"अगं, तुझी... म्हणजे... मागची बाजू... फक्त मांडी."

"डोंबल माझं!" मी म्हणाले. "कॉलेजातली दीडशे पोरं माझी मांडी बघणार?"

"नाव नसतं गं त्याच्यावर."

मी चार दिवस ऐकलं नाही. खरं कारण नाव नव्हतंच. खरं कारण असं, की माझ्याही मांड्यांना तेच खड्डे आहेत. तिच्याएवढी असल्यापासून. मी ते जन्मभर झाकले. घोट्यापर्यंत कपडे, कपडे बदलायचे तर दिवा बंद, पोहायला शिकलेच नाही. नवऱ्याला नीट दिसू दिलं नाही, मग पोरीला कुठलं! ती लहान असताना आंघोळीच्या वेळी आत डोकवायची, तर मी टॉवेल ओढून तिला दटावायची. पण पाचव्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "चला, घ्या काय घ्यायचंय ते. एकदाच काय ते लाजून घेते."

पोरगी शाळेत गेलेली. बाथरूममध्ये मी खिडकीचे गज धरून पाठमोरी उभी. झोपून चालत नाही, झोपलं की खड्डे सपाट होतात, ते उभ्यानंच नीट दिसतात. यांनी आधी व्हॅसलीन फासलं, मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या एकावर एक लावत गेले. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी किंचाळले. "हलू नकोस!" हे ओरडले. शेजारची भिंतीला कान लावून उभी असणार, तिला काय वाटलं असेल ते वाटो. वीस मिनिटांनी कवच निघालं. यांनी ते उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार आणि मी मरणार.

"अगं," हे हळूच म्हणाले, "काय सुरेख आहे हे!"

मी म्हणाले, "प्लास्टर ना?"

हे परत बोट फिरवत बसले.

साचा झाला, पण मांडी काही होईना. पद्धत अशी असते, की साच्यात आधी पातळ रबराची कातडी ओतायची. तिला मागून जाळीदार कापडाचा एक थर द्यायचा, म्हणजे ती फाटत नाही. मग पिवळी मऊ जेली, ती चरबी. मग लाल घट्ट रबर, ते स्नायू. रबराची कातडी साच्यातून निघाली तेव्हा खड्ड्यांसकट निघाली. पण मागून जेली भरली, की खड्डे फुगून वर यायचे आणि मांडी गुळगुळीत व्हायची. यांना वाटलं, चरबी कमी पडली असणार, खड्डे म्हणजे चरबीच ना! आणखी भरली. मांडी जाडजूड झाली, पण गुळगुळीतच. मग उलटं करून पाहिलं, जेली काढली. कातडी लोंबली, सुरकुत्या पडल्या, पण खड्डे नाहीत. वरून जेलीच्या गाठी चिकटवून पाहिल्या, तर मॅडम म्हणाल्या, "ही गळवं झाली." तीन आठवडे असे गेले. हे जेवताना माझ्याकडे अपराध्यासारखं बघायचे. मी म्हणायची, "अहो, मूळ नग समोर बसलाय, बघा परत पाहिजे तर!" पण मनातून मलाही वाटत होतं, की चरबीच ती, दुसरं काय असणार?

आणि मग यांच्या हातून आळशीपणा झाला. जाळीच्या कापडाचे जे लोंबते दोरे असतात, ते जेली भरायच्या आधी कात्रीनं कापून टाकावे लागतात. नवशिक्यालासुद्धा माहीत असलेली गोष्ट. त्या दिवशी कंटाळलेले, कापले नाहीत. दोरे तसेच जेलीतून खाली गेले आणि खालच्या लाल रबरात अडकून बसले. रबर सुकताना आक्रसलं, दोरे ताणले गेले. सकाळी साचा उघडला, तर माझी मांडी समोर! जिथे दोरा होता तिथे कातडी आत ओढलेली. दोन दोऱ्यांच्या मध्ये जेली वर आलेली. खड्डा न् खड्डा. हे स्टुलावर बसले ते तासभर उठले नाहीत. चहा गार झाला, फोन वाजून बंद पडला. मग उठून तसेच, रबरानं माखलेल्या हातांनी, मॅडमच्या खोलीत गेले. "मॅडम, माझ्याकडून चूक झाली आणि मांडी बरोबर आली. असं खरंच असतं का हो? आत दोरे असतात?"

मॅडम म्हणे हसल्याच नाहीत. त्यांनी कपाटातून दोन ॲप्रन काढले आणि यांना शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. बावीस वर्षं त्याच आवारात काम केलं, पण या माणसानं त्या हॉलचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. हे सगळं चित्रं बघून करायचे.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते वेगळेच. मी विचारलं, "मळमळतंय का?" नाही म्हणून मान हलवली. खुर्चीवर बसले आणि स्वतःचा दंड चिमटीत धरून बघत राहिले. मग सांगायला लागले. एरवी दिवसाला वीस वाक्यं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी थांबेना.

"एका म्हातारीनं देह दिलाय. बारीकशी होती. मॅडमनी आधी हात जोडले, मग मीही जोडले. मांडीवरची कातडी त्यांनी अशी हळू उचलली... आणि अगं, खाली पिवळीधमक चरबी. मला वाटायचं नुसतं लोणी असेल. छे! मोसंबीच्या फोडीतल्या दाण्यांसारखी, दाणा न् दाणा वेगळा, प्रत्येक दाण्याला स्वतःचं पातळ आवरण. त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या, केसाएवढ्या. आणि त्यांच्यामधून दोरे. पांढरे, ओले, चमकणारे. खालच्या, स्नायूंवरच्या पडद्यापासून निघायचे आणि सरळ वर कातडीला जाऊन धरायचे. शेकडो! मॅडमनी चिमट्यानं एक ओढला, तर वर कातडीला खळगा पडला. माझ्या डोळ्यांदेखत. मग शेजारच्या टेबलावरचा पुरुष दाखवला. त्याचे दोरे तिरके, एकमेकांत गुंतलेले, वरची कातडीही जाड, म्हणून त्याची चरबी वर येत नाही. बाईचे सरळ असतात, म्हणून ती मधल्या जागेतून वर डोकावते. एवढाच फरक! बावीस वर्षं मी खोटं बनवत होतो गं."

"म्हणजे चरबी नाही ती?" माझ्या तोंडून निघालं.

"मीही हेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, चरबी म्हणजे आत भरलेलं सामान. ती सगळ्यांत असते, असायलाच हवी. ऊब तिची, साठा तिचा, पडलो तर हाडाला मार लागू देत नाही ती. वाईट असते ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी, आणि ती बाहेरून दिसतही नाही. आणि हे खड्डे, सेल्युलाइट म्हणतात त्याला, हे सामान नव्हे. ते सामान कसं बांधलंय त्याची ती वरून दिसणारी खूण. जाड बायकांना असतं, बारीक बायकांना असतं. मोठ्या झालेल्या दहा बायकांतल्या आठ-नऊ जणींना असतं. वजन वाढलं तर जास्त उठून दिसतं, पण उतरवलं म्हणून जातंच असं नाही. आजार नाही, काही नाही. बायकांतच असं का, ते मात्र पुरतं कुणालाच माहीत नाही, म्हणाल्या. हार्मोन्स असतील, घराणं असेल." हे थांबले. "अगं, आपल्या सगळ्यांना आतून कुणीतरी टाके घालून ठेवलेत. नाहीतर चालताना कातडी घसरली नसती का? आणि आपल्याला पत्ता नाही! आज येताना रस्त्यात माणसं बघत होतो. ती भाजीवाली, तो पोस्टमन... सगळ्यांच्या आत एवढं काम करून ठेवलेलं. आणि सगळे आपले खुशाल चाललेत."

यांचे डोळे भरून आले होते. मी या माणसाला सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. जी गोष्ट मी तीस वर्षं अंधारात कपडे बदलून लपवली, तिच्यासमोर हा माणूस देवळात उभं राहावं तसा बसला होता. आणि आतल्या खोलीत पोरगी स्वेटर घालून, भुकेनं पोटात पाय घेऊन पडली होती.

तेव्हा मी सांगून टाकलं. पाकिटाचं. चार महिन्यांचं. सर काय म्हणाले ते. यांना त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. बापांना या गोष्टी कोण सांगतं? हे लालबुंद झाले, मग पांढरेफटक. "मी बोलू तिच्याशी? मांडीबद्दल?" म्हणाले. "मी बाप आहे गं. मी कसा बोलू?"

"मग मी बोलते."

"तू बोललीस की ती ऐकते?"

तेही खरंच होतं.

सोमवारी मांडी मॅडमना द्यायची होती, आणि त्याच साच्यातून यांनी दुसरीही एक काढून ठेवली होती. रविवारी दुपारी हे तिला म्हणाले, "बेडके, वर्कशॉपला चल जरा. एक हात कमी पडतोय." ती कुरकुरत आली. मीही मागून गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

टेबलावर ती दुसरी मांडी उभी होती. गुडघ्यापासून वर, पाठीमागची बाजू पुढे. रंग देऊन झालेला, बारीक निळ्या शिरासुद्धा काढलेल्या. पोरीनं ती बघितली आणि नजर वळवली. बुडाशी यांनी एक नळी बसवली होती, तिला मोठी सिरिंज लावलेली. "ही जरा जाड झालीय," हे तिच्याकडे न बघता म्हणाले. "यातली चरबी ओढून काढ. आतली जेली मुद्दाम पातळ केलीय, येईल सहज."

"किती काढू?"

"तुला बरोबर वाटेल तेवढी."

तिनं दट्ट्या ओढला. पिवळी जेली आली, ती बशीत सोडली. परत ओढला. मांडी बारीक व्हायला लागली. पोरगी खाली वाकून खड्ड्यांकडे बघत होती. मला कळत होतं ती कशाची वाट बघतेय. तिसरी सिरिंज, चौथी. मांडी तिच्या मांडीएवढी झाली. खड्डे होते. पाचवी, सहावी. आता ती भराभरा ओढायला लागली, ओठ आवळून. कातडी आत बसली, खाली लाल रबराचा आकार दिसायला लागला. खड्डे गेले नाहीत. उलट आणखी खोल दिसायला लागले. शेवटी सिरिंजमध्ये नुसती हवा आली, फस्स करून. तरी ती ओढतच राहिली.

"बाबा, ही बिघडलीय," ती म्हणाली. "सगळी काढली. काहीच उरलं नाही आत. तरी जात का नाहीत?"

यांनी कात्री घेतली आणि मांडीची कडेची शिवण उसवली. कातडी थोडी उचलली. आत दोरे उभे होते, सरळ, ताणलेले. "चरबीनं पडलेले नव्हतेच ते," हे म्हणाले. "हे असे असतात. खऱ्या बाईत. मी बघून आलोय." एवढंच बोलले. पुढचं सगळं पाठ करून आले होते बिचारे, पण कात्रीच पुसत बसले.

पोरगी त्या दोऱ्यांना बोट लावून बघत राहिली. एक दोरा ओढायची, सोडायची. वर खळगा खोल व्हायचा, परत यायचा. मग रडायलाच लागली. "मग मी एवढे दिवस कशासाठी उपाशी राहिले? कशासाठी, सांगा ना!" जरा वेळानं नाक पुसत म्हणाली, "कुणाची आहे ही?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मला पळून जावंसं वाटलं. पण पोरीच्या मनगटाची हाडं माझ्या समोर होती, आणि मी मनाशी म्हणाले, मेले, आता नाही तर कधी? मी यांना म्हणाले, "तोंड फिरवा." हे आज्ञाधारकपणे भिंतीकडे वळले. मी वर्कशॉपच्या त्या भल्या मोठ्या ट्यूबलाइटखाली, पाठमोरी होऊन, साडी कमरेपर्यंत वर घेतली.

मग पोरीचं गार बोट माझ्या मांडीला लागलं. एका खळग्यावर. मग दुसऱ्यावर.

"आई, तुझे तर माझ्यापेक्षा खोल आहेत!"

"मग? तुझ्यापेक्षा तीस वर्षं जुने आहेत ते."

"कधीपासून?"

"तुझ्याएवढी होते तेव्हापासून. आणि माझ्या आईलाही असणार. तिनंही कधी दाखवले नाहीत." मग माझाही बांध फुटला. "चुकलं गं माझं. तुला वाटलं हे तुझ्या एकटीचंच आहे. मी टॉवेल ओढत बसले म्हणून वाटलं."

ती मागून मला बिलगली. हाडंच लागली मला, पाठीला. भिंतीकडून आवाज आला, "झालं का? वळू का मी?" आणि आम्ही दोघी रडता रडता हसायला लागलो.

एका दुपारीत सगळं ठीक झालं असं कुणी समजू नये. उपाशी राहायची सवय लागलेलं पोट लगेच हो म्हणत नाही. मॅडमनीच तिला दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. दर आठवड्याला वजन, रक्त, गोळ्या, आणि खूप बोलणं. कधी ताट संपवायची, कधी घास तोंडात धरून तासभर बसायची. मी ओरडायची नाही, हे मला सगळ्यांत अवघड गेलं. सरांना हे स्वतः जाऊन भेटले. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण सर दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मांडी बघायला आले आणि खाली मान घालून बाहेर पडले, असं कपडे धुणारी सांगत होती. त्या वर्षीची तळ्याची शर्यत हुकली. ती काठावर बसून इतर पोरींना पाणी देत होती, आणि मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

मग पुढे एका मंगळवारी सकाळी हे दाढी करत होते, मी डबे भरत होते, आणि बाथरूममधून पोरगी किंचाळली, "आई! आई, इकडे ये!" माझ्या हातातलं झाकण पडलं. हे अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून धावले. "पडली का? काय झालं? लागलं का तिला?"

दार किलकिलं झालं. पोरीनं मला कानात सांगितलं. दहाव्या महिन्यात आली होती. मी दाराची चौकट धरली.

"अगं, काय झालं, सांग ना!" हे दोन पावलांवर उभे.

पोरीनं आतूनच सांगितलं, खणखणीत आवाजात, जसं काही शर्यतीचा निकाल सांगतेय. "बाबा, पाळी आली!"

हे एक क्षण गोंधळले. मग फेसाळ गालानं तिथेच जमिनीवर बसले आणि बंद दाराला डोकं टेकून लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.